कव्हरस्लिपखालचा थेंब: स्लाईड माउंटिंगची पार्श्वभूमी

हिस्टोलॉजी लॅबमध्ये, म्हणजे टिश्यू (शरीरातल्या ऊती) मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी तयार करतात तिथे, नवीन कोणी शिकायला आलं की त्याला फिक्सेशन (टिश्यू सडू नये म्हणून रसायनाने पक्का करणं) समजावून सांगतात, प्रोसेसिंग दाखवतात, मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर सेक्शनची, म्हणजे पातळ कापांची, रिबन कशी काढायची ते हात धरून शिकवतात, स्टेनिंगच्या (रंगवण्याच्या) वेळा तोंडपाठ करून घेतात, आणि माउंटिंगची, म्हणजे सेक्शन कव्हरस्लिपच्या पातळ काचेखाली बंद करायची, पाळी आली की "एक थेंब टाक, वर कव्हरस्लिप ठेव, झालं" एवढ्यावर विषय संपतो. मला हे मनापासून खटकतं. कारण स्टेन कितीही सुंदर आला तरी ती स्लाईड दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी कोणाला वाचता येणार की नाही हे त्या शेवटच्या थेंबावर ठरतं. आणि तो थेंब आज जसा आहे तसा व्हायला शंभर वर्षं लागली आहेत.

मध्यंतरी एका जुन्या कपाटातून स्लाईड्सची एक लाकडी पेटी हाती आली. झाकण उघडल्याबरोबर राळेचा वास आला, थोडा पाईनसारखा, थोडा जुन्या वार्निशसारखा. स्लाईड्स उजेडात धरल्या तर सगळ्या मधासारख्या पिवळ्या, कडेला पिवळा रंग जास्त गडद, काहींच्या कव्हरस्लिपच्या कोपऱ्यातून बारीक तडे आत शिरलेले. मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर मात्र न्यूक्लियसचा निळा रंग अजून चांगला उठून दिसत होता, गुलाबी रंग तेवढा जवळजवळ गेलेला. हे असं का झालं ते सांगायचं तर अगदी सुरुवातीपासून सांगावं लागतं.

सुरुवातीला माउंटिंग असं काही नव्हतंच. मायक्रोस्कोपचे आद्य निरीक्षक लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राबरोबर बुचाचे, झाडाच्या गाभ्याचे आणि गाईच्या ऑप्टिक नर्व्हचे हाताने कापलेले पातळ काप कागदाच्या पुडीत घालून पाठवले होते. नुसते सुके काप, ना काच ना चिकट पदार्थ. त्या पुड्या १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड यांना सोसायटीच्या कागदपत्रांत सापडल्या आणि ३०० वर्षांनंतरही ते काप मायक्रोस्कोपखाली बघता आले! अंधारात, कोरड्या जागी, कोणी हात न लावता राहिले म्हणून टिकले. पण ती नशिबाची गोष्ट झाली, तिला पद्धत म्हणता येणार नाही.

पुढे अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत जे चालायचं त्याला स्लायडर म्हणत. हाडाची, हस्तिदंताची किंवा लाकडाची एक अरुंद पट्टी, तिला ओळीने चार-सहा गोल भोकं, प्रत्येक भोकात अभ्रकाच्या दोन चकत्या आणि त्यांच्या मधे नमुना, वरून पितळेच्या तारेची रिंग दाबून बसवलेली. किड्याचा पंख, पिसू, केस, खवले असल्या गोष्टींना हे ठीक होतं. टिश्यूच्या बाबतीत मात्र मोठी अडचण होती आणि ती प्रकाशाची होती.

ही अडचण नीट समजली की पुढचा सगळा इतिहास आपोआप उलगडतो, म्हणून इथे जरा थांबतो. कागदावर तेलाचा थेंब पडला की तेवढी जागा पारदर्शक होते हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. कागदाच्या तंतूंच्या मधे हवा असते, हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १ आणि तंतूचा साधारण दीडच्या आसपास, त्यामुळे प्रकाश प्रत्येक तंतूवर वळतो, विखुरतो आणि कागद अपारदर्शक दिसतो. हवेच्या जागी तेल शिरलं की फरक जवळजवळ मिटतो आणि प्रकाश सरळ आरपार जातो. टिश्यूचं अगदी तसंच आहे. फिक्स होऊन पाणी निघून गेलेल्या प्रोटीनचा अपवर्तनांक १.५३ च्या आसपास, काचेचा १.५२, पाण्याचा १.३३, ग्लिसरीनचा १.४७. म्हणजे सुका सेक्शन हवेत ठेवला तर नुसत्या काळ्या कडा दिसणार, पाण्यात ठेवला तर बरं दिसणार, आणि काचेच्या जवळचा अपवर्तनांक असलेल्या पदार्थात बुडवला तर टिश्यू स्वतः जवळजवळ अदृश्य होऊन फक्त रंग दिसणार. आपल्याला हेच तर हवं असतं. शिवाय तो पदार्थ नंतर कडक व्हायला हवा, चिकटायला हवा, पिवळा पडायला नको, रंग खायला नको. एवढ्या सगळ्या अटी एकाच पदार्थाने पाळायच्या, आणि खरी शोधाशोध याचीच होती.

पहिलं चांगलं उत्तर झाडातून आलं. उत्तर अमेरिकेत बाल्सम फर नावाचं झाड आहे, त्याच्या सालीवर फोड येतात, तो फोड टोचला की आतून स्वच्छ, दाट, फिकट पिवळा चीक निघतो. हाच कॅनडा बाल्सम. विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साईटचे दोन तुकडे याच बाल्समने जोडून पोलरायझिंग प्रिझम बनवला होता, म्हणजे काचकाम आणि लेन्सवाल्या लोकांना हा पदार्थ आधीच माहीत होता, आणि १८३० च्या दशकात तो मायक्रोस्कोपच्या स्लाईडवर आला. अपवर्तनांक १.५२ ते १.५४, म्हणजे काच आणि टिश्यू दोघांच्याही जवळ. सुकल्यावर स्फटिक बनत नाही, काचेसारखा एकसंध राहतो. त्या काळात याहून चांगलं काही मिळणं शक्यच नव्हतं असं मला वाटतं.

योगायोग असा की त्याच दहा वर्षांत बाकीच्या दोन गोष्टीही जुळून आल्या. १८३९ मध्ये मायक्रोस्कोपिकल सोसायटी ऑफ लंडन स्थापन झाली आणि तिने लगेचच ३ इंच बाय १ इंच हा स्लाईडचा माप ठरवून टाकला, त्याआधी ज्याला वाटेल त्या मापाची काच चालायची आणि एकाची पेटी दुसऱ्याच्या उपयोगाची नसायची. आज आपण जी साधारण ७५ बाय २५ मिलिमीटरची स्लाईड वापरतो ती तीच. आणि १८४० च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स या काच कारखान्याने एकदम पातळ काच काढायला सुरुवात केली, तिच्यातून कव्हरस्लिप कापता यायला लागल्या. हे वाटतं त्यापेक्षा फार मोठं काम झालं, कारण जास्त पॉवरचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची लेन्स) नमुन्याच्या अगदी जवळ न्यावं लागतं, मधे जाड काच आली की फोकसच होत नाही, आणि झाला तरी प्रतिमा धूसर येते. आज ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ असा आकडा कोरलेला असतो तो कव्हरस्लिपची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो. पुष्कळ जण वर्षानुवर्षं मायक्रोस्कोप वापरतात आणि त्या आकड्याकडे कधी बघतही नाहीत.

एक गाठ मात्र अजून सुटायची होती. बाल्सम तेलकट आणि टिश्यू पाण्याने भरलेला, दोघांचं जमणार कसं? ओल्या टिश्यूवर बाल्सम टाकला की दुधासारखा पांढरा ढग येतो. म्हणून लोक नमुना आधी वाळवायचे आणि वाळवताना तो आकसून त्याची पार वाट लागायची. लंडनचे जेकब लॉकहार्ट क्लार्क यांनी १८५१ मध्ये स्पायनल कॉर्डच्या सेक्शनवर जे केलं त्याने रस्ता मोकळा झाला. त्यांनी टिश्यूतलं पाणी आधी अल्कोहोलने काढलं, मग अल्कोहोलच्या जागी टर्पेंटाईन घातलं, आणि टर्पेंटाईनमध्ये बाल्सम विरघळतोच. पाणी, अल्कोहोल, टर्पेंटाईन, बाल्सम, अशी एकाने दुसऱ्याला जागा करून द्यायची. आज आपण डीहायड्रेशन, क्लिअरिंग, माउंटिंग म्हणतो ते हेच, टर्पेंटाईनच्या जागी आधी लवंगेचं तेल वगैरे आणि मग झायलीन आलं एवढाच फरक. क्लिअरिंग हा शब्दसुद्धा त्यातूनच आला, कारण त्या टप्प्यावर टिश्यू खरोखरच डोळ्यांसमोर स्वच्छ पारदर्शक होतो.

यानंतर बाकीच्या गोष्टी भराभर आल्या. १८५८ मध्ये गेरलाख यांचं कार्माईन (लाल रंग), १८६५ मध्ये ब्योमर यांनी तुरटी घालून केलेलं हिमॅटॉक्सिलिन (न्यूक्लियस निळा करणारा रंग), १८६९ मध्ये क्लेब्स यांचं पॅराफिन (कापण्याआधी टिश्यू ज्यात बसवतात ते मेण), १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी हिमॅटॉक्सिलिनला दिलेली इओसिन या गुलाबी रंगाची जोड, १८८३ मध्ये पॉल मेयर यांनी सेक्शन काचेला धरून ठेवायला आणलेलं अंड्याच्या पांढऱ्याचं अल्ब्युमिन, १८९३ मध्ये ब्लूम यांचं फिक्सेशनसाठीचं फॉर्मॅलिन. शतक संपेपर्यंत आजच्या लॅबचा सांगाडा उभा राहिला आणि त्या सांगाड्याच्या शेवटी बाल्समची बाटली होती.

पण सगळ्याच गोष्टी बाल्सममध्ये जात नाहीत हेही तेव्हाच कळलं होतं. चरबी बघायची असेल तर अल्कोहोल आणि झायलीनने ती विरघळून निघून जाते, मग माउंट काय करणार! म्हणून पाण्यात मिसळणाऱ्या माउंटंटची (कव्हरस्लिपखाली घालायच्या पदार्थाची) वेगळी वाट तयार झाली: बाभळीचा डिंक आणि ग्लिसरीनचं फॅरंट्स मीडियम, त्यात बुरशी लागू नये म्हणून चक्क आर्सेनिक घालायचे, १८८० मधली कायझर यांची ग्लिसरीन जेली, १८९२ मधला अपाथी यांचा डिंक आणि साखरेचा पाक. यातली काही माउंट्स सुकून पूर्ण कडक होत नाहीत, म्हणून कव्हरस्लिपच्या कडेने डांबरी वार्निशचा गोल काढून सील करायचे, त्यासाठी हाताने फिरवायचं छोटं टर्नटेबल असायचं. अशा जुन्या स्लाईड्सवर तो काळा गोल इतका सुबक दिसतो की काढणाऱ्याच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. पण सीलला बारीक तडा गेला की आतलं माध्यम उडून जातं, हवा शिरते आणि स्लाईड संपते. आजही ऑईल रेड ओ या चरबी दाखवणाऱ्या रंगाची स्लाईड ग्लिसरीन जेलीतच लावतात आणि कडेला नेलपॉलिश फिरवतात, ही तीच गोष्ट.

गोल्जी यांच्या पद्धतीचा किस्सा इथे सांगायलाच हवा. १८७३ मध्ये कॅमिलो गोल्जी यांनी सिल्व्हर क्रोमेटने न्यूरॉन काळा रंगवायची रीत काढली, पण कव्हरस्लिपखाली माउंटंट बराच काळ ओला राहिला की ते काळं चित्र बिघडायचं. म्हणून त्या जाड सेक्शनवर डॅमार राळ किंवा बाल्समचा थर घालून तो उघडाच वाळू द्यायचे, कव्हरस्लिप लावायचीच नाही. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन ई काखाल यांचं मेंदूच्या पेशींवरचं काम याच रीतीवर उभं आहे. त्यांच्या संग्रहाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत जागा मिळाली. माउंट कसं करायचं हे रंगाला विचारून ठरवायचं असतं, रीत म्हणून डोळे मिटून नाही, हे मला यातून पक्कं समजलं.

आता बाल्समचे दोष. एक तर तो सुकायला फार वेळ घेतो, आठवडेच्या आठवडे, कडा सुकल्या तरी मधे ओलाच. दुसरं, वर्षं जातील तसा पिवळा पडतो. आणि तिसरं सगळ्यात वाईट, तो आम्लधर्मी असतो आणि वय वाढेल तशी आम्लता वाढते. ॲनिलीन रंगांना (कृत्रिम रंगांच्या एका जातीला) ते सोसत नाही. मिथिलीन ब्लूच्या जातीचे रंग, रक्ताच्या स्मिअरवरचे (काचेवर पसरलेल्या पातळ थरावरचे) रोमानोव्स्की प्रकारचे स्टेन, हे बाल्सममध्ये हळूहळू विटत जातात, लोह दाखवणारा प्रशियन ब्लूसुद्धा फिका पडतो. पॅथॉलॉजिस्टने मेहनतीने जमवलेला संग्रह आणि दहा-पंधरा वर्षांनी निम्म्या स्लाईड्स वाचता येत नाहीत, अशी अवस्था.

त्यावर उत्तर सापडलं १९३९ मध्ये. किर्कपॅट्रिक आणि लेंड्रम यांनी रंग टिकवणारा माउंटंट म्हणून झाडाची राळ सोडून पॉलिस्टायरीन वापरलं, म्हणजे साधं प्लास्टिक, त्याचं व्यापारी नाव डिस्ट्रीन ८०. नुसतं पॉलिस्टायरीन झायलीनमध्ये विरघळवून लावलं तर सुकल्यावर ते ठिसूळ होतं, आकसतं, तडकतं, म्हणून त्यात लवचिकपणा आणणारा प्लास्टिसायझर घातला. डिस्ट्रीन, प्लास्टिसायझर, झायलीन, या तिघांची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे डीपीएक्स! रोज शंभर वेळा हे नाव आपल्या तोंडात असतं आणि त्याचा अर्थ कित्येकांना माहीत नसतो म्हणून मुद्दाम लिहितोय. आधी प्लास्टिसायझर म्हणून ट्रायक्रेसिल फॉस्फेट होतं, १९४१ मध्ये त्यांनीच ते बदलून डायब्युटाईल थॅलेट आणलं. प्रमाणही साधंच, १० ग्रॅम डिस्ट्रीन, ५ मिलिलिटर डायब्युटाईल थॅलेट, ३५ मिलिलिटर झायलीन. रंगहीन, पिवळं पडत नाही, आम्ल नाही, अपवर्तनांक १.५२ च्या आसपास. गेली काही वर्षं थॅलेट प्रजननाला घातक म्हणून त्यावर बंधनं आली आहेत, त्यामुळे आता थॅलेट नसलेलं डीपीएक्सही मिळतं, नाव मात्र तेच राहिलंय.

डीपीएक्सचा एक स्वभाव आहे तो सांभाळावा लागतो. झायलीन उडून गेलं की ते आकसतं, म्हणून थेंब कमी पडला तर आठवड्याभराने कव्हरस्लिपच्या कडेने हवा आत घुसते आणि झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसायला लागते. जास्त पडला तर बाहेर ओघळतो, ऑब्जेक्टिव्हला लागतो. झायलीनमधून स्लाईड काढल्यावर हात चालला पाहिजे पण घाई नको. स्लाईड जरा निथळायची, सेक्शन अजून ओला चमकत असतानाच थेंब टाकायचा, कव्हरस्लिपची एक कड काचेला टेकवून दुसरी बाजू सुईवर धरून सावकाश खाली सोडायची, म्हणजे द्रव पुढे सरकतो आणि हवेला आपल्या पुढे ढकलत नेतो. वरून सपाट टाकली की मधोमध बबल अडकणार हे ठरलेलं. आणि सेक्शन सुकू दिला की न्यूक्लियसवर चकचकीत तपकिरी ठिपके दिसतात, त्याला कॉर्नफ्लेकिंग म्हणतात, नवीन मुलांना ते पिगमेंट वाटतं. खरं तर ती अडकलेली हवा असते. झायलीनमध्ये भिजवून कव्हरस्लिप काढून परत माउंट केलं की सहसा जातं. पांढरट धुकं दिसलं तर शेवटच्या अल्कोहोलमध्ये पाणी शिरलंय असं समजायचं, म्हणजे १८५१ ची तीच जुनी गाठ.

ही परत काढता येण्याची सोय मला माउंटंटचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. बाल्सम असो की डीपीएक्स, झायलीनमध्ये ठेवलं की सुटतं, आणि त्यामुळे जुनी स्लाईड परत उघडता येते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ऑगस्टे डेटर. ज्यांच्या नावाने तो विसरण्याचा आजार ओळखला जातो त्या अल्झायमर यांची ही पहिली पेशंट, ती ८ एप्रिल १९०६ ला गेली, त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अल्झायमर यांनी ट्यूबिंगनच्या सभेत तिच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. नंतर त्या स्लाईड्स कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९९० च्या दशकात म्युनिकच्या न्यूरोपॅथॉलॉजी संस्थेच्या जुन्या संग्रहात त्या सापडल्या, २५० च्या वर! प्लाक आणि टँगल्स (या आजारात मेंदूत दिसणारे प्रोटीनचे साठे आणि गुंते) जसेच्या तसे दिसत होते, आणि १९९८ मध्ये ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी त्या स्लाईडवरच्या टिश्यूतून डीएनए काढून या आजाराशी संबंधित एपीओई जीनची तपासणीसुद्धा केली. ज्यांनी ते सेक्शन माउंट केले त्या काळात जीनमध्ये काय लिहिलेलं असतं ते वाचणारं कोणी नव्हतं. त्यांनी फक्त आपलं काम नीट केलं.

फ्लुओरेसन्सचं, म्हणजे चमकणाऱ्या रंगांचं, दुखणं अजून वेगळं. १९४१ मध्ये कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला आणि लोकांना टिश्यूतला हवा तो पदार्थ उजळलेला दिसायला लागला, पण बघता बघता तो विझायचा, शब्दशः, दिव्याखाली मिनिटभर ठेवला की फिका. १९८१ मध्ये ग्लिसरीनमध्ये फेनिलीनडायअमाईन घालून हे विझणं बरंच कमी करता येतं हे दाखवलं गेलं, तिथून अँटीफेड माउंटंट आले. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीतही (अँटिबॉडी वापरून रंगवण्याच्या पद्धतीत) माउंटंट रंग बघूनच निवडावा लागतो, डॅब या रसायनाचा तपकिरी रंग डीपीएक्समध्ये खुशाल जातो, एईसी या दुसऱ्याचा लाल रंग अल्कोहोलने धुऊन निघतो म्हणून त्याला पाण्याचाच माउंटंट.

आता मशीन कव्हरस्लिप लावतं, काही ठिकाणी काचेऐवजी प्लास्टिकची फिल्म असते, झायलीनच्या जागी कमी त्रासाचे पर्याय आलेत, आणि एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने स्लाईड स्कॅन करून स्क्रीनवर निदान करायच्या पहिल्या सिस्टिमला मान्यता दिली. स्कॅनरला तर माउंटिंगचे दोष माणसापेक्षा जास्त खुपतात, एक बबल आला की फोकस दुसरीकडेच जातो.

त्या लाकडी पेटीतली एक स्लाईड मी परत करून बघितली. झायलीनच्या जारमध्ये उभी ठेवली, रोज सकाळी बघायचं पण ओढायचं नाही, ओढलं की सेक्शन बरोबर येतो. नवव्या दिवशी कव्हरस्लिप आपणहून खाली घसरली. ताज्या झायलीनमध्ये दोनदा धुऊन बाल्समचा पिवळा थर घालवला, अल्कोहोलमधून उतरवून पाण्यात आणली, हिमॅटॉक्सिलिन चांगलं होतं म्हणून त्याला हात लावला नाही, फक्त इओसिन दिलं, परत अल्कोहोलमधून झायलीनपर्यंत चढवून डीपीएक्समध्ये माउंट केली आणि सुकेपर्यंत ट्रेमध्ये आडवी ठेवली, कारण ओली असताना पेटीत उभी केली की कव्हरस्लिप सरकते. दोन दिवसांनी बघितलं तर किडनीचा सेक्शन होता, ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे बारीक गुच्छ) एकेक मोजता येईल असे. जुन्या लेबलवरची शाई फिकी झाली होती पण नंबर लागत होता. तो तसाच ठेवला, काचेच्या दुसऱ्या टोकाला डायमंड पेन्सिलने तोच नंबर परत कोरला, आणि त्याच्या खाली आजची तारीख आणि रिमाउंट, डीपीएक्स, इओसिन नवीन, एवढं लिहिलं.